जज्जसाहेबांची एक्क्याऐंशीची वही

१

मंगळवारी सकाळी ईनस टॅगर्ट नव्या कोर्टात शिरला. कोर्टाची कारकून मिनी ओव्हर्बी दारातच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ईनसकाका, वह्या किती म्हणाला होतात?"

"बावीस. एकोणसत्तरपासून नव्वदपर्यंत, दर वर्षाची एक. का गं?"

"मी तीनदा मोजल्या. एकवीसच आहेत."

ईनस आत गेला. जज्ज अलॉन्झो ब्रॅडिश यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या दगडी इमारतीचं शनिवारी उद्घाटन होतं. बाहेर दर्शनी दगडावर त्यांचं नाव कोरून झालं होतं. आतल्या कपाटात त्यांच्या हातच्या वह्या मांडायच्या होत्या. वायोमिंग हे राज्य होण्याआधी, नुसता मुलूख असताना, जज्जसाहेब वर्षातले आठ महिने घोड्यावर असत. जिथे वस्ती तिथे कोर्ट. कधी दारूच्या गुत्त्यात पिंपांवर फळी टाकून, कधी कॉटनवुडच्या झाडाखाली, एकदा तर नदीला पूर आल्यामुळे एक पक्षकार या काठावर आणि दुसरा त्या काठावर, असं ओरडून ओरडून खटला चालला होता. प्रत्येक खटल्याची टिपणं साहेब स्वतः लिहीत. सगळ्या वह्या एकसारख्या, काळ्या कातड्याच्या. पाठीवर ना साल, ना नाव. साल फक्त आतल्या पहिल्या पानावर.

बाहेरून वेगळी होती ती फक्त खूण. मुक्कामावर संध्याकाळी शेकोटीजवळ बसून साहेब त्या वर्षीच्या घोड्याच्या केसांचा बारीक गोफ विणत आणि वहीत पानांमध्ये ठेवत. गोफाचं टोक बाहेर लोंबत राही. काळा गोफ म्हणजे डॉमिनो, पिवळसर म्हणजे बार्ली. बारा वर्षं त्यांच्या शेजारून घोडा हाकणाऱ्या आणि पुढचे घोडेही तबेल्यात पाहिलेल्या ईनसला ते टोक बघूनच साल कळे. म्हणून तर वह्या सालवार लावायला मिनीने त्याला आज बोलावलं होतं.

ईनस एकेका गोफाला बोट लावत गेला. शेवटच्या वहीपाशी त्याचं बोट थांबलं.

"एक्क्याऐंशीची नाही," तो म्हणाला.

मिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. एक्क्याऐंशी साल म्हटलं की सॉरेल स्प्रिंग्ज गावात सगळ्यांना एकच गोष्ट आठवे. त्या साली फाशीचा कैदी वेस्ली पाइक पहाटे पळाला होता. आणि पहाऱ्यावर झोपलेला बेलिफ होता ईनस टॅगर्ट.

२

"काल इथे कोण कोण आलं होतं?" ईनसने विचारलं.

"सकाळी सुतार कपाट घासून गेले. काचा बसायच्यात अजून, म्हणून उघडंच होतं. दुपारी कॉर्डेलियाबाई वडिलांची, साहेबांची, टोपी आणि हातोडी ठेवायला आल्या. मग मिस्टर हॅस्केट आले, आपली खुर्ची कुठे मांडणार ते बघायला. आणि सायलस कूम दिवसभर होता, जज्जच्या खुर्चीला कातडं ठोकत. मी जेवायला गेले होते. तिघांपैकी कुणीही एकटं असेल थोडा वेळ."

ईनसने खाली वाकून कपाटाची फळी डोळ्यांच्या रेषेत आणली. घासकामाचा बारीक भुसा सगळ्या वह्यांच्या डोक्यावर पिठासारखा बसला होता. एकवीस वह्यांवरचा भुसा जसाच्या तसा होता. डावीकडून नवव्या जागी मात्र बोटभर खाच होती, आणि तिथली फळी स्वच्छ होती.

"तू वह्या कशाही लावल्या होत्यास ना?"

"पेटीतून निघाल्या तशा. तुम्ही येऊन लावणार होतात म्हणून."

"मग ज्याने कुणी नेली, त्याने दुसऱ्या एकाही वहीला हात लावला नाही. उघडून साल बघितलं नाही. आला, नेमकी उचलली, गेला." ईनस सरळ झाला. त्याचे गुडघे कडकडले. "मिनी, शनिवारपर्यंत कुणाला काही सांगू नकोस."

"पण काका, तुम्ही कशाला या भानगडीत? लोक म्हणतील, तुम्हीच..."

"म्हणू देत. अठ्ठावीस वर्षं म्हणतच आहेत."

३

रॉयल हॅस्केट बाहेरच भेटला. सत्तरी उलटलेला, तीन खोऱ्यांत गुरं असलेला. इमारतीच्या समितीचा तोच अध्यक्ष. एक्क्याऐंशीमध्ये त्याचा धाकटा भाऊ नदीच्या उताराजवळ गोळी लागून मेला होता. पाइक हा त्यांच्याच वाड्यावरचा गुराखी. आदल्या दिवशी त्याचं मेलेल्याशी भांडण झालेलं, आणि तळावरचा आचारी गस याने शपथेवर सांगितलं की, मी पाइकला गोळी झाडताना पाहिलं. ज्युरीला एक तास पुरला. पाइक तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

"काय ईनस! पहाऱ्याला आलास की काय? चांगलंय. निदान तुझी झोप तरी होईल."

ईनसला या बोलण्याची सवय होती. "वह्या पाहिल्यात का काल?"

"पाहिल्या. ते काय केसांचे गोफ लोंबतायत त्यांतून. साहेबांच्या बायकोच्या केसांचे असतील. बायकांना असली हौस असते." हॅस्केटने चिरूट तोंडातून काढला. "का? काही गेलंय का?"

"एक्क्याऐंशीची."

म्हाताऱ्याचा चेहरा दगड झाला. "गेली तर गेली," तो सावकाश म्हणाला. "माझा भाऊ काही त्या वहीतून परत यायचा नव्हता. पण एक सांगतो, ती शनिवारी कुणी मोठ्याने वाचायला घेतली असती, तर मी उठून गेलो असतो."

जज्जसाहेबांच्या घरी कॉर्डेलिया स्वयंपाकघरात रानातल्या आलुबुखारांचा मुरंबा ढवळत होती. ईनसला तिने खुर्ची दिली, चमच्यावर मुरंबा दिला. आणि वहीचं ऐकल्यावर हातातला पळा खाली ठेवला.

"खरं सांगू, ईनस? नाहीशी झाली ते बरं झालं."

"का?"

"बाबा महिनाभर पलंगाखालच्या त्या पेटीभोवती घिरट्या घालत होते. द्यायची म्हणायचे, मग नको म्हणायचे. एक दिवस मी विचारलं, आहे काय एवढं त्यात? तर म्हणाले, माझं आयुष्य. आणि रडले. मी त्यांना आईच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं."

"एक्क्याऐंशीत तू इथेच होतीस?"

"छे, सेंट लुईला शाळेत. ते खटले, ते घोडे, मला काही माहीत नाही. मला तेवढा काळा डॉमिनो आठवतो."

ईनस निघताना पडवीत थांबला. साहेब झुलत्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्र्याऐंशी वर्षांचं शरीर ब्लँकेटमध्ये हरवलं होतं. याच माणसाने एकदा बारा बंदुकांसमोर उभं राहून, "आधी टोप्या काढा, मग बोला," म्हटलं होतं, आणि बाराही टोप्या निघाल्या होत्या. ईनसने त्यांना उठवलं नाही.

४

जीनगर सायलस कूमच्या दुकानात मेणाचा आणि नव्या कातड्याचा वास भरलेला असे. सहा वर्षांपूर्वी तो मोंटानाकडून आला होता. आडवा, दाढीवाला, कमी बोलणारा. दर रविवारी तो साहेबांच्या पडवीत सोंगट्या खेळायला जाई.

"बसा, ईनस. हॅस्केटच्या माणसाने ही चिठ्ठी दिलीय कामाची, जरा वाचून दाखवता? चष्मा घरी राहिला."

ईनसने वाचून दाखवली. दोन लगाम, एक तंग, शुक्रवारच्या आत. ऐकता ऐकता कूमने खिडकीच्या उजेडात बारीक सुई धरली आणि पहिल्याच खेपेत दोरा ओवला.

"काल कपाटाजवळ कुणाला पाहिलंत?"

"मी खाली मान घालून खिळे ठोकत होतो. कॉर्डेलियाबाईंचा आवाज आला, बाकी लक्ष नव्हतं."

कूम पुन्हा शिवणीवर वाकला. मग ईनसच बोलला. वह्या डोळ्यांसमोरून जाईनात. तो गोफांचं सांगू लागला, घोड्यांचं सांगू लागला. डॉमिनो कसा तंबूची दोरी चावायचा, बार्लीला बर्फात कशी वाट कळायची. कूम हात थांबवून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू येत होतं.

"आणि एक्क्याऐंशीत जुनिपर," ईनस म्हणाला. "तांबडे-पांढरे केस मिसळलेली. तसली घोडी साहेबांकडे ती एकच."

"पाण्याला भ्यायची," कूम म्हणाला. "ओढा आला की थांबायची. खाली वाकून वास घेऊ दिला की मग जायची. म्हातारी झाली, तोंड पांढरं झालं, तरी ती सवय काही गेली नाही तिची."

"हो ना," ईनस हसून म्हणाला, आणि उठला.

त्या दिवशी त्याला आणखी काही सुचलं नाही. तबेल्यात जाऊन त्याने घोड्यांना वैरण टाकली. कोर्टातून काढल्यापासून तो तिथेच राबत होता. सुरुवातीला लोक पाइककडून पैसे खाल्ले म्हणत. मग नुसतंच झोपाळू म्हणू लागले. त्याला दुसरं जास्त लागे, कारण ते खरं होतं. त्या पहाटे तो कैद्याच्या दगडी खोलीच्या दाराशी बसला होता आणि उन्हं डोळ्यांवर आली तेव्हा जागा झाला होता. दार उघडं, किल्ली त्याच्याच कमरेला. साहेबांनी भर चौकात त्याचा बिल्ला काढून घेतला. त्या क्षणी साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, एवढंच ईनसला आठवे.

बुधवारी सकाळी तो एका म्हाताऱ्या घोडीला खरारा करत होता. तिच्या नाकाभोवतीचे पांढरे केस त्याच्या हाताला लागले आणि खरारा त्याच्या हातातून गळून पडला.

जुनिपर सहा वर्षांची असताना मेली होती. पाइक पळाला त्याच आठवड्यात, पोटशूळाने. निदान साहेबांनी तसं सांगितलं होतं.

मग म्हातारी जुनिपर कूमने कुठे पाहिली?

५

ईनस दुकानात गेला आणि दार मागे लोटून घेतलं.

"कॉर्डेलियाला वही हवी असती तर घरात, पलंगाखालच्या पेटीतून, केव्हाही काढता आली असती. चार लोकांत कोर्टात कशाला काढेल? हॅस्केटला वाटतं ते बाईमाणसाचे केस आहेत. त्याने घेतली असती तर सगळ्या उघडून साल बघावं लागलं असतं. भुशाला कुणाचा हात लागलेला नाही. ज्याने घेतली त्याला केस ओळखू आले. आणि त्याला साल वाचायची गरज नव्हती. किंवा वाचताच येत नव्हतं." ईनसने सुईकडे बोट केलं. "चष्मा लागणारा माणूस असा दोरा ओवत नाही."

कूमने सुई खाली ठेवली.

"साहेबांनी तुला घोडीच्या गोष्टी सांगितल्या असतील, असं मला वाटलं होतं. पण ती म्हातारी झालेली साहेबांना ठाऊक असायचं काही कारण नाही. ती ज्याच्याकडे म्हातारी झाली त्यालाच ठाऊक. तू वेस्ली पाइक आहेस."

 मग कूमने खोगिरांच्या ढिगाखाली हात घातला आणि फडक्यात बांधलेली वही काढून मेजावर ठेवली.

"एकोणीस वर्षं होती माझ्याकडे," तो म्हणाला. "रोज खरारा केला तिला. सोमवारी तो गोफ दिसला आणि पाय तिथेच थांबले. ती गेल्यावर मला जगात कुणी उरलं नव्हतं, ईनस. म्हणून परत आलो, फक्त साहेबांना बघायला. त्यांनी मला लगेच ओळखलं. तुम्ही ओळखलं नाहीत."

"तीन दिवस अंधाऱ्या खोलीत बघितलं होतं तुला. तेव्हा तू काडीसारखा होतास. घोडी तुला कुणी दिली?"

कूमने मान फिरवली. "ते मला विचारू नका."

"मग मी वहीला विचारतो."

"नका वाचू! म्हणूनच तर घेतली मी ती. त्यात काय आहे ते मला कळत नाही, पण त्यांनी काय केलं ते मला ठाऊक आहे. शनिवारी कुणी वाचलं तर ते दगडावरचं नाव खरवडून काढतील. आणि मला दोर आहेच."

ईनसने वही उघडली. गोफ होता त्याच पानावर साहेबांचं तिरपं, टोकदार अक्षर होतं. तो मोठ्याने वाचू लागला.

"'निकालानंतर आचारी गस माझ्याकडे आला. बंदूक त्यानेच भरून गाडीत टाकली होती. हॅस्केटच्या भावाने ती नळीकडून ओढली आणि ती सुटली. मालकाच्या भीतीने त्याने पाइकचं नाव घेतलं. त्याचं सहीनिशी बयान सोबत चिकटवलं आहे. नव्याने खटला चालवण्याचा हुकूम मी देऊ शकतो. पण रस्त्यावर चाळीस माणसं दोर घेऊन उभी आहेत. हुकूम ऐकल्यावर ती घटकाभरही थांबणार नाहीत, आणि टॅगर्ट त्यांच्या आडवा येऊन मरेल. म्हणून मी कायदा मोडत आहे. टॅगर्टच्या कॉफीत मी अफूचा अर्क...'"

 पुढचं वाक्य त्याने ओठ हलवत, मनातल्या मनात वाचलं. टॅगर्ट झोपला नाही, त्याला झोपवलं. त्याच्याकडे तिळमात्र दोष नाही.

"काय आहे पुढे?" कूमने विचारलं.

"बयान आहे. तू निर्दोष आहेस म्हणून. साक्षीदाराच्या सहीचं." ईनस खुर्चीत बसला. "जो कागद तुला वाचवणार होता तोच तू चोरलास, वेस्ली."

कूमने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

६

साहेब पडवीत जागे होते. ईनसने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी गोफाचं टोक बोटांत धरलं आणि कितीतरी वेळ ते नुसतं कुरवाळत राहिले.

"वाचलंस?"

"वाचलं."

"तेव्हा खरं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेली असती, आणि या मुलखात दोरवाल्यांचंच कोर्ट बसलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. महिनाभर थांबू म्हटलं. मग वर्षभर. मग सोपं होत गेलं, ईनस. तू रोज तबेल्यात जाताना दिसायचास आणि मी पडदा ओढून घ्यायचो. वेस्ली परत आला, त्यालाही मी या कागदाचं सांगितलं नाही. त्याला मोकळं करायचं तर आधी मलाच उघडं पडावं लागलं असतं."

"माझी बायको मला झोपाळ्या म्हणणाऱ्या गावात मेली, साहेब." ईनसचा आवाज चढला नाही. "शेवटच्या दुखण्यात तिने विचारलं होतं मला, खरंच झोपला होतात का? मी हो म्हणालो."

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. "माफी मागायचा तिळभर अधिकारही मी ठेवलेला नाही. वह्या देऊन टाकल्या त्या याचसाठी. कुणीतरी उघडेल, वाचेल. तोंडाने बोलायची छाती झाली नाही. आता वही तुझ्या हातात आहे. जाळ, नाहीतर वाच."

ईनस निघाला. पण जाताना त्याने वही उचलली नाही. ती साहेबांच्या मांडीवरच राहू दिली.

७

शनिवारी चार गावांतून गाड्या आल्या. बँड वाजला, हॅस्केटचं भाषण झालं, आणि कॉर्डेलियाने हात धरून साहेबांना उभं केलं. त्यांनी कोटाच्या आतून काळी वही काढली तेव्हा मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या कूमचा चेहरा उतरला.

"मी या इमारतीवर माझं नाव कोरू दिलं," साहेब म्हणाले. "त्याआधी एक गोष्ट..." आणि ते थांबले. पान उघडलं, डोळे अक्षरांवरून फिरले, पण काही हाती लागेना. म्हातारपणाचं धुकं नेमकं त्याच क्षणी उतरलं. ते भांबावून लोकांकडे पाहू लागले. कुणीतरी खोकलं. "थकले ते, बसवा त्यांना," हॅस्केट पुटपुटला.

ईनस तिसऱ्या रांगेत होता. गप्प बसला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो उठला, सावकाश पुढे गेला आणि जज्जच्या डाव्या हाताला, बेलिफच्या जागेवर, जाऊन उभा राहिला. मग वाकून त्याने पानावर बोट ठेवलं.

"इथून, जज्जसाहेब."

साहेबांनी बोटाकडे पाहिलं, मग वर त्याच्याकडे. आणि वाचायला लागले. आधी आवाज कापत होता. मग तो हळूहळू जुन्या जज्जचा झाला, खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा. 'त्याच्याकडे तिळमात्र दोष नाही,' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पानाकडे न बघता.

हॅस्केट उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हा निघून जाणार. तो पुढे आला, आचाऱ्याचं बयान हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलं, आणि विचारलं, "तो पोरगा पुढे कुठे गेला, कुणाला ठाऊक आहे?"

मागून कूम म्हणाला, "इथे आहे मी."

हॅस्केट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.  "दोर माझा होता," एवढंच शेवटी तो म्हणाला. कूमने मान हलवली. 

गव्हर्नरचा माफीचा कागद ऑक्टोबरात आला. दगडावरचं नाव खरवडावं की राहू द्यावं यावर समितीत बरीच भांडणं झाली, आणि राहिलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी गर्दी पांगल्यावर ईनसने साहेबांना गाडीत बसवलं, ब्लँकेट गुडघ्यांवर नीट केलं आणि स्वतः लगाम धरला. गवत पिकून पिवळं पडलं होतं, डोंगरांवर पहिलं बर्फ दिसत होतं. थोडं अंतर गेल्यावर साहेबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर आता कसलंच ओझं नव्हतं. त्यांना बहुधा आजचा दिवसही आठवत नव्हता.

"ईनस, उद्या कोर्ट कुठे आहे आपलं?"

ईनसने दूर डोंगराकडे जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं. त्या वाटेवरून दोघं शेवटचे गेले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"सेज क्रीकला, साहेब," तो म्हणाला. "लांबचा पल्ला आहे. तुम्ही पडा जरा. मी जागा आहे."